एंटरप्राइज सीएमएस घेताना नक्की कशाचे पैसे देतो आपण?

भोसरी_एमआयडीसी

नमस्कार मंडळी, जरा मोठा प्रश्न आहे, सवडीने वाचा पण वाचलंत तर दोन ओळी तरी लिहाच.

भोसरीत आमची कंपनी आहे, शेतीचे आणि इंडस्ट्रियल पंप बनवतो. मी मार्केटिंगला आहे आणि गेली चार वर्षं वेबसाइट माझ्याकडे आहे. साइटवर अकराशेच्या आसपास पानं आहेत, इंग्रजी हिंदी मराठी तिन्ही धरून, शिवाय प्रत्येक मॉडेलचे पीडीएफ, डीलरची यादी, स्पेअर पार्टची यादी. सीएमएस, म्हणजे साइटवरचा मजकूर भरायचं आणि बदलायचं सॉफ्टवेअर, एका एजन्सीने २०१२ला स्वतःच लिहिलेला, ती एजन्सी आता नाही, त्यामुळे साधा फोन नंबर बदलायचा तरी एका फ्रीलान्सरला गाठावं लागतं. मागच्या उन्हाळ्यात ऐन सीझनला बारामतीकडच्या एका डीलरचा जुना नंबर तीन आठवडे साइटवर तसाच राहिला, शेतकरी भलत्याच माणसाला फोन करत होते आणि तो बिचारा आम्हाला. तेव्हा साहेब म्हणाले की एकदाचं नीट करून टाक, चांगला एंटरप्राइज सीएमएस घे, पैशाचं बघू.

मग तीन कोटेशनं मागवली. एक अगदी मोठ्या प्लॅटफॉर्मचं, त्याचं पहिल्या वर्षाचं नुसतं लायसन्स आमच्या अख्ख्या वर्षाच्या डिजिटल बजेटच्या अडीचपट, बसवून देण्याचे पैसे वेगळे. दुसरं ओपन सोर्सवर, म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो त्यावर, करून देणाऱ्या एजन्सीचं. तिसरं हेडलेसवाल्यांचं, म्हणजे ज्यात मजकूर एकीकडे आणि साइटचं दिसणं दुसरीकडे असतं, त्यांचं महिन्याला युजरमागे आणि एपीआय कॉलमागे (साइटने मजकूर मागवला की एक कॉल) काहीतरी गणित आहे जे मला दोनदा समजावलं तरी पूर्ण कळलं नाही.

मोठ्यांनी बाणेरच्या ऑफिसात तीन तास डेमो दिला. चपला विकणारी एक साइट दाखवली, माणूस पुण्याचा असेल तर हा बॅनर, दिल्लीचा असेल तर तो बॅनर, कार्टमध्ये काही सोडून गेला तर ईमेल, सगळं फार गुळगुळीत. मी विचारलं की मराठी पान कसं बनतं ते दाखवा, तर म्हणाले सपोर्टेड आहे, नेक्स्ट सेशनला दाखवतो.

मला कोणतं घेऊ एवढंच विचारायचं नाहीये. हा धंदा चालतो कसा ते समजून घ्यायचंय. एवढा पैसा नक्की कशाचा असतो? सीएमएसचं डीएक्सपी, म्हणजे डिजिटल एक्सपिरियन्स प्लॅटफॉर्म, कधी झालं? आणि आज घेतलेलं दहा वर्षांनी असेल का? आतले लोक इथे आहेत हे माहीत आहे म्हणून विचारतोय.

हिंजवडी_फेज_टू

मी तेरा वर्षं अडोबीच्या एईएमवर, म्हणजे त्यांच्या एंटरप्राइज सीएमएसवर, काम करतोय, सुरुवात केली तेव्हा सगळे त्याला सीक्यू५च म्हणायचे. माझं घर याच धंद्यावर चालतं हे आधी सांगतो म्हणजे पुढचं त्या हिशोबाने वाचाल.

पैसा कशाचा ते एका उदाहरणाने सांगतो. आमचा एक क्लायंट आहे, बँकिंगमधला, तीसेक देशांत साइट. कर्जाच्या पानावर व्याजदराखालची एक बारीक टीप बदलायची असते. ती लिहिणार एक, लीगल तपासणार, कंप्लायन्स तपासणार, मग त्या त्या देशातला माणूस भाषांतर मंजूर करणार आणि ठरलेल्या दिवशी ठरलेल्या मिनिटाला ती एकदम सगळीकडे दिसली पाहिजे, आणि उद्या रेग्युलेटरने विचारलं की अमुक तारखेला तुमच्या पानावर काय लिहिलेलं होतं आणि ते कोणी मंजूर केलं, तर दाखवता आलं पाहिजे. मूळ साइट ब्लूप्रिंट म्हणून ठेवायची आणि देशांच्या साइट तिच्या लाइव्ह कॉपी, वर बदल केला की खाली उतरतो, जिथे स्थानिक बदल हवा तिथे वारसा तोडता येतो. हे सगळं हातानं करायला गेलात तर शंभर माणसं लागतील. तिथे लायसन्सचा पैसा वसूल होतो, मी मनापासून सांगतोय, हे इंजिनिअरिंग खरंच उत्तम आहे. डे सॉफ्टवेअर नावाची बाझेलची छोटी स्विस कंपनी होती, तिने हे बनवलं, रॉय फील्डिंग म्हणजे ज्यांनी रेस्ट ही वेबवर सॉफ्टवेअरनी एकमेकांशी बोलण्याची कल्पना मांडली ते तिथे चीफ सायंटिस्ट होते, आणि अडोबीने २०१० मध्ये ती साधारण २४ कोटी डॉलरला घेतली. सगळा मजकूर एका झाडासारखा रिपॉझिटरीत असतो, प्रत्येक पान प्रत्येक परिच्छेद म्हणजे एक नोड, आणि ही रचना आजही तशीच टिकून आहे.

पण तुमच्याकडे एक साइट, तीन भाषा आणि मजकूर टाकणारी माणसं किती, दोन? मग यातलं नव्वद टक्के तुम्ही कधी उघडणारही नाही.

दुसरं, डेमोबद्दल. डेमोत जी साइट दिसते ती त्यांच्या प्रीसेल्स टीमने आधी महिनोन्महिने बसून बनवलेली असते. तुम्ही सही केलीत की तुमच्या हातात येतं ते जवळपास रिकामं घर. त्यात टेम्प्लेट, कंपोनंट (पानात बसवायचे तयार तुकडे), हेडर फूटर, फॉर्म, सर्च, तुमच्या ईआरपीशी (कंपनीच्या कारभाराच्या सॉफ्टवेअरशी) जोडणी हे सगळं बसवायला आमच्यासारखी टीम लागते आणि खरा खर्च तो असतो, लायसन्सपेक्षा बहुतेक वेळा जास्तच. मी एका प्रोजेक्टवर साठेक कंपोनंट बनवले होते, वर्षभराने वापर काढून पाहिला तर ऑथर, म्हणजे मजकूर टाकणारी मंडळी त्यातले बाराच वापरत होती. बाकीचे सगळे आरएफपीमध्ये, म्हणजे कोटेशन मागवतानाच्या मागण्यांच्या यादीत, कोणीतरी लिहिले होते म्हणून बनवले. त्या अठ्ठेचाळीस कंपोनंटचे तास कोणीतरी भरलेच ना. मला त्याचं अजून वाईट वाटतं कारण त्याच प्रोजेक्टला ऑथरच्या ट्रेनिंगसाठी फक्त दोन दिवस दिले होते.

आणि क्लाउडवर आल्यापासून मोजमाप बदललंय. आता किती सर्व्हर हे कोणी विचारत नाही, कंटेंट रिक्वेस्ट किती यावर लायसन्स ठरतं. तेव्हा सीझनला ट्रॅफिक किती वाढतं ते आधी काढून ठेवा, तुमचा उन्हाळा महत्त्वाचा आहे.

स्टोरीसर्व्हर_९९

दहा वर्षांनी असेल का, हा प्रश्न विचारलात म्हणून लिहितो. मी १९९९ पासून या धंद्यात होतो, आता निवृत्त होऊन कर्वेनगरात आहे. पंचवीस वर्षांत काय झालं ते सांगतो, मग तुम्हीच ठरवा.

तेव्हा सगळ्यात मोठं नाव व्हिग्नेट, ऑस्टिनची कंपनी. त्यांचं स्टोरीसर्व्हर मुळात सीनेट (CNET) या तंत्रज्ञानाच्या बातम्या देणाऱ्या कंपनीत जन्मलं, बातम्यांची साइट रोज चालवायची म्हणून त्यांनी स्वतःपुरतं बनवलेलं. टेम्प्लेट टीसीएलमध्ये लिहायचे, ती भाषा आज सांगितली तर पोरं विचारतात हे काय. त्याच्या बरोबरीचं इंटरवोव्हन, त्यांचं टीमसाइट, फायलींवर चालणारं, प्रत्येक लेखकाला आपापला वर्कएरिया आणि मग स्टेजिंग, म्हणजे साइटवर जाण्याआधीची सामायिक जागा. युरोपात रेडडॉट होतं, लाल ठिपक्यावर क्लिक केलं की तिथल्या तिथे मजकूर बदलता यायचा, साधी माणसंही वापरायची. आणि कागदपत्रं सांभाळणारं डॉक्युमेंटम.

आता हे बघा. रेडडॉट २००५ला हमिंगबर्डने घेतलं, हमिंगबर्डला पुढच्याच वर्षी ओपनटेक्स्टने. व्हिग्नेट २००९ला ओपनटेक्स्टने घेतलं. इंटरवोव्हन त्याच वर्षी ऑटोनॉमीने, ऑटोनॉमीला २०११ला एचपीने साधारण ११ अब्ज डॉलरला आणि पुढच्याच वर्षी एचपीने त्यातले पावणेनऊ अब्ज बुडीत दाखवले, त्यावर वर्षानुवर्षे कोर्टकचेऱ्या झाल्या, आणि टीमसाइट २०१६ला परत विकलं गेलं, कोणाला? ओपनटेक्स्टलाच. डॉक्युमेंटम आधी ईएमसीकडे, मग डेलकडे, आणि २०१७ला तेही ओपनटेक्स्टकडे. म्हणजे एकेकाळी टेंडरमध्ये एकमेकांविरुद्ध उभे असलेले चार जण आज एकाच वाड्यात राहतात. स्टेलंट आणि फॅटवायर ओरॅकलने घेतले. मायक्रोसॉफ्टचं कंटेंट मॅनेजमेंट सर्व्हर तर शेअरपॉइंट २००७ मध्ये विरघळून गेलं. ट्रिडिऑन एसडीएलने घेतलं, मग एसडीएललाच आरडब्ल्यूएसने.

यात कोणाचं वाईट चिंतायचं नाही, धंदा आहे, होतं असं. पण दर वेळी कंपनी विकली गेली की पहिल्या दिवशी ग्राहकाला पत्र येतं की काही बदलणार नाही, मग दोन वर्षांनी प्रॉडक्टचं नाव बदलतं, मग मूळ इंजिनिअर हळूहळू जातात, मग एक दिवस कळतं की नवीन व्हर्जन म्हणजे वेगळंच सॉफ्टवेअर आहे आणि तुमचा मजकूर तिथे न्यायचं काम तुमचं. मी स्वतः अशा एका मायग्रेशनला होतो, क्लायंटचं नाव सांगत नाही, चाळीस हजार लेख होते. मजकूर डेटाबेसमध्ये होता पण अर्धी मांडणी टेम्प्लेटच्या कोडमध्ये आणि उरलेली अर्धी लेखाच्या मजकुरातच टेबलं टाकून केलेली. कोणता तुकडा शीर्षक आहे आणि कोणता नुसता जाड अक्षरातला शब्द हे मशीनला सांगता येईना. शेवटी सहा मुली आणि दोन मुलं आठ महिने बसून हाताने कॉपीपेस्ट करत होती, रोज संध्याकाळी मी त्यांची मोजणी घ्यायचो. त्या आठ महिन्यांत मला पटलं की प्रॉडक्ट जाणारच, मजकूर राहतो, तेव्हा मजकूर कशा आकारात ठेवलाय एवढंच आपल्या हातात असतं.

म्हणून तिघांनाही एक प्रश्न विचारा. पाच वर्षांनी आम्ही सोडून जायचं ठरवलं तर आमचा सगळा मजकूर, फोटो, भाषांतरांच्या जोड्या, जुने पत्ते, हे कुठल्या फाइलीत मिळेल, ते आत्ता डेमोमध्ये एक्स्पोर्ट करून दाखवा. जो दाखवेल त्याच्याशी पुढे बोला.

डीएक्सपीचं म्हणाल तर नुसता सीएमएस विकून वाढ होईना, मग त्याला अॅनालिटिक्स, ईमेल, कॉमर्स, पर्सनलायझेशन जोडत गेले आणि सगळ्याला मिळून डिजिटल एक्सपिरियन्स प्लॅटफॉर्म म्हणायला लागले. गार्टनर या सल्लागार कंपनीने तर २०२० मध्ये वेब कंटेंट मॅनेजमेंटचा वेगळा मॅजिक क्वाड्रंटच, म्हणजे विक्रेत्यांची तुलना दाखवणारा चौकोनच, बंद केला. साहेब लोक तो चौकोन बघून खरेदी करतात, त्यामुळे चौकोनाचं नाव बदललं की सगळा बाजार आपलं नाव बदलतो. साइटकोअरचंच बघा, २००१ पासूनची डॅनिश कंपनी, चांगला डॉटनेटवरचा सीएमएस, २०२१ मध्ये १.२ अब्ज डॉलरची गुंतवणूक आली आणि त्याच वर्षी चार कंपन्या विकत घेतल्या. एपिसर्व्हर या दुसऱ्या सीएमएस कंपनीने ऑप्टिमायझली विकत घेतली आणि स्वतःचंच नाव ऑप्टिमायझली करून टाकलं.

बालेवाडी_जेएस

काका फार भारी लिहिलंय, यातलं बरंच माहीत नव्हतं. पण म्हणूनच मी म्हणेन की हेडलेस घ्या. मजकूर वेगळा, दिसणं वेगळं, मधे एपीआय, उद्या फ्रंटएंड, म्हणजे दिसणारी बाजू, बदलला तरी मजकुराला धक्का नाही आणि उद्या सीएमएस बदलला तरी मजकूर जेसनमध्ये, म्हणजे कुठलंही सॉफ्टवेअर वाचू शकेल अशा साध्या मजकुरात, स्वच्छ पडलेला असतो. कंटेंटफुल वगैरे हेडलेसवाली मंडळी २०१३ पासून हेच सांगतायत. डीलरची यादी एकदाच ठेवायची, तीच साइटवर, तीच मोबाइल अॅपवर, तीच व्हॉट्सअॅप बॉटवर. तुमचा फोन नंबरचा प्रॉब्लेम मुळापासून जातो. आम्ही साइट नेक्स्ट या जावास्क्रिप्टच्या चौकटीवर बनवतो, पानं इतकी हलकी होतात की खेड्यातल्या नेटवरही पटकन उघडतात, आणि तुमचा ग्राहक शेतकरी आहे हे विसरू नका.

मजकूर_डेस्क

हा धागा कालपासून वाचतेय. सगळे बनवणारे आणि विकणारे बोलतायत, मी रोज त्यात टाइप करणारी आहे, सोळा वर्षं, सदाशिव पेठेत एका संस्थेच्या मराठी मजकुराचं काम बघते. तीन सीएमएस झाले माझ्या हाताखालून. आणि तिन्ही वेळा निवडताना मला कोणी विचारलं नाही. निवड समितीत आयटी होतं, परचेस होतं, सल्लागार होते. रोज आठ तास जी बाई त्या स्क्रीनसमोर बसणार तिला डेमोला बोलावणं कोणाला सुचलं नाही, हे मला आजही लागतं. म्हणून भोसरीवाल्या दादांना कळकळीनं सांगते, तुमच्याकडे मजकूर टाकणारं जे कोणी असेल त्यांना खुर्चीवर बसवा आणि सेल्सवाल्यांना उभं ठेवा.

आता मराठीचं, कारण यावर कोणीच बोललं नाही.

डेमोमध्ये एकच शब्द टाइप करायला लावा: शेतकऱ्यांसाठी. तुमच्या साइटवर तो हजार वेळा येणार आहे. हा अर्धा र, आपण ज्याला चंद्रकोरीसारखा काढतो तो, युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकात सगळ्या लिप्या साठवायच्या सर्वमान्य पद्धतीत, दोन प्रकारे लिहिता येतो. एक म्हणजे नुक्ताच्या ऱ ला पाय मोडून, आणि दुसरा साध्या र ला पाय मोडून मधे एक न दिसणारं जोडचिन्ह टाकून. बऱ्याच सीएमएसचे एडिटर पेस्ट केलेला मजकूर साफ करताना न दिसणारी चिन्हं कचरा समजून काढून टाकतात. मग सेव्ह केल्यावर तुमचं पान होतं "शेतकर्यांसाठी", र उडून य च्या डोक्यावर रफार होऊन बसतो. टाइप करताना बरोबर दिसतं हां, सेव्ह करून पान उघडलं की चुकलेलं. आमच्याकडे एका सीएमएसमध्ये असे साडेतीनशे शब्द मी एका दिवाळीच्या सुट्टीत हाताने दुरुस्त केले, पुढच्या आठवड्यात कोणीतरी ती पानं परत सेव्ह केली आणि सगळे परत बिघडले. रडायचीच बाकी होते.

आणि दोन प्रकारे लिहिता येतो म्हणजे सर्चमध्ये पण दोन वेगळे शब्द होतात. टाइप करणाऱ्याने एका पद्धतीने लिहिलं आणि शोधणाऱ्याच्या मोबाइलच्या कीबोर्डने दुसऱ्या, की पान असूनही सापडत नाही. तेव्हा सर्च करूनही बघा, दोन्ही पद्धतींनी.

अजून एक बारीक गोष्ट. पानाची भाषा सेटिंगमध्ये मराठी आहे का ते बघा. पुष्कळदा देवनागरी म्हणून हिंदीच ठेवून देतात. ज्या फॉन्टात दोन्ही वळणं असतात तो फॉन्ट मग ल आणि श हिंदी वळणाचे दाखवतो. कोणाला सांगितलं तर म्हणतात काय फरक पडतो. आमच्या वाचकांना पडतो, आजोबा मंडळी फोन करून विचारायची की हे मराठी असं का दिसतंय.

पत्त्यांचं पण. वर्डप्रेसमध्ये पानाच्या पत्त्याला २०० कॅरेक्टरची मर्यादा आहे आणि देवनागरीचं एकेक अक्षर, एकेक मात्रा, पत्त्यात घालताना टक्केचिन्हांसकट नऊ नऊ कॅरेक्टर खाते. म्हणजे जेमतेम बावीस अक्षरं-मात्रा. "शेतीसाठी पाण्यात बुडणारे पंप आणि त्यांची निवड" असं शीर्षक दिलंत तर पत्ता मधेच तुटतो. त्यात चूक कोणाची नाही, पण आधी ठरवून ठेवा की मराठी पानांचे पत्ते छोटे हाताने द्यायचे.

बालेवाडीच्या दादांना, हेडलेसची कल्पना मला आवडते, खरंच. डीलरच्या यादीसाठी तर पटतेच. पण मी जे वापरलं त्यात मी चौकटीत मजकूर भरायचे आणि पान कसं दिसेल ते कळायला डेव्हलपरने प्रीव्ह्यू चालू करून दिलेला असावा लागायचा, तो दर महिन्याला बंद पडायचा. मराठी ओळ इंग्रजीपेक्षा लांब होते, बटणात मावत नाही, काना मात्रा वरून कापले जातात. ते दिसल्याशिवाय कसं कळणार?

आणि पर्सनलायझेशनचं एकच सांगते. पुण्याच्या माणसाला एक बॅनर आणि दिल्लीच्या माणसाला दुसरा, म्हणजे कोणीतरी दोन बॅनर लिहायला हवेत. तीन भाषा आणि तीन प्रकारचे ग्राहक म्हटले की एका पानाची नऊ पानं. लिहिणारी माणसं तेवढीच राहतात. लायसन्समध्ये ते धरलेलं नसतं.

बालेवाडी_जेएस

ताई, अर्ध्या र चं हे मला अजिबात माहीत नव्हतं. आत्ता आमच्या एका साइटवर तपासलं, आमच्याच कोडमध्ये एक फंक्शन आहे जे सगळी अदृश्य कॅरेक्टर उडवतं, मीच दोन वर्षांपूर्वी टाकलेलं. आज काढतो. प्रीव्ह्यूचं पण बरोबर आहे, बजेट कापलं की आम्ही पहिलं तेच कापतो. चूक आहे ती.

कोथरूड_ड्रुपल

मी कोथरूडमध्ये छोटी एजन्सी चालवते, बारा माणसं, ड्रुपल आणि वर्डप्रेस या दोन ओपन सोर्स सीएमएसवर काम करतो. ओपन सोर्सची बाजू घ्यायला आले पण आधी त्यातलं कडू सांगते.

ओपन सोर्स म्हणजे फुकट असं साहेबांना सांगू नका. लायसन्सचे पैसे नाहीत एवढंच. ड्रुपल ७ जानेवारी २०११ला आलं आणि ५ जानेवारी २०२५ला त्याचा सपोर्ट संपला, मधे दोनतीनदा मुदत वाढवून. चौदा वर्षं हे कुठल्याही सॉफ्टवेअरला खूप झालं, पण ८ मध्ये आतली रचना इतकी बदलली की ७ वरून वर जाणं म्हणजे साइट परत बांधणंच होतं, आणि आमच्या दोन क्लायंटनी ते पुढे ढकलत ढकलत शेवटच्या वर्षावर आणलं. ८ नंतर मात्र वर जाणं खूप सोपं झालंय, हेही खरं. वर्डप्रेसचं तर जगातल्या दहातल्या चार साइट त्यावर आहेत, पण तुमची साइट हॅक होते ती बहुतेक वेळा कुठल्यातरी जुन्या न अपडेट केलेल्या प्लगिनमधून. म्हणजे देखभालीसाठी दर महिन्याचे पैसे बाजूला काढावेच लागतात. जी एजन्सी बनवून देण्याचे पैसे सांगते आणि पुढच्या पाच वर्षांच्या देखभालीचं काही बोलत नाही तिचं कोटेशन स्वस्त दिसतं, आणि तुमच्या २०१२च्या सीएमएसचं जे झालं तेच परत होतं.

आता चांगलं. तुमची एजन्सी उद्या बंद पडली, म्हणजे अगदी माझी पडली, तरी पुण्यात ड्रुपल येणारी माणसं भरपूर आहेत. अॅक्वियाचं, म्हणजे ड्रुपलच्या संस्थापकांनीच काढलेल्या कंपनीचं, ऑफिस आपल्याकडेच आहे. २०१६ला ड्रुपलकॉन हे ड्रुपलवाल्यांचं संमेलन मुंबईला आयआयटीत झालं होतं, तिथे जी पोरं स्वयंसेवक म्हणून आली होती त्यातली काही आज कोअरमध्ये, म्हणजे ड्रुपलच्या मूळ कोडमध्ये, पॅच (दुरुस्त्या) देतात. कोड तुमचा, डेटाबेस तुमच्या सर्व्हरवर. अर्ध्या र चा प्रॉब्लेम असेल तर तो दुरुस्त करून पॅच टाकता येतो, कोणाच्या तिकिटाची वाट बघावी लागत नाही. आणि भाषा हा ड्रुपल ८ पासून कोअरचाच भाग आहे, प्रत्येक फील्डचं भाषांतर वेगळं ठेवता येतं, म्हणजे मॉडेलचा हॉर्सपॉवरचा आकडा एकदाच आणि वर्णन तीन भाषांत.

स्टोरीसर्व्हर_९९ काकांच्या एक्स्पोर्टच्या मुद्द्याला मात्र मी ओपन सोर्ससाठीही शंभर टक्के धरते. डेटाबेस तुमच्याकडे असला तरी मजकूर एका मोठ्या बॉक्समध्ये एचटीएमएल म्हणून कोंबलेला असेल तर तो नसल्यासारखाच. पंपाचं पान म्हणजे मॉडेल, हेड, डिस्चार्ज, फेज, पाइपचा साइज, किंमत, मॅन्युअल हे सगळं वेगवेगळ्या रकान्यात. हे आधी कागदावर करा, कुठलंही सॉफ्टवेअर न उघडता.

हिंजवडी_फेज_टू

कोथरूड_ड्रुपल यांच्याशी पूर्ण सहमत, आणि हे एईएमवाला म्हणतोय. एक भर. अडोबीने अलीकडे एज डिलिव्हरी म्हणून आणलंय त्यात लेखक गूगल डॉक्स किंवा वर्डमध्ये लिहितो आणि तेच पान होतं. वीस वर्षं आम्ही एकापेक्षा एक एडिटर बनवले आणि माणसं तरी मजकूर वर्डमध्येच लिहून पेस्ट करत राहिली, शेवटी ते मान्य करावं लागलं. ताईंना जर सोळा वर्षांपूर्वी कोणी विचारलं असतं तर तेव्हाच कळलं असतं.

भोसरी_एमआयडीसी

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. मधल्या दहा दिवसांत काय झालं ते सांगतो.

आमच्याकडे मजकूर टाकणारी एकच मुलगी आहे, सर्व्हिस डिपार्टमेंटमधून अर्धा दिवस मिळते. तिला घेऊन तिन्हीकडे गेलो. ताई, तुमचा शब्द तिच्याकडून टाइप करून घेतला, मोबाइलवरून पण आणि वर्डमधून पेस्ट करून पण. एका ठिकाणी दोन्ही बरोबर आले. एका ठिकाणी पेस्ट केलेला बिघडला, ते म्हणाले एका सेटिंगचा प्रश्न आहे, आणि खरंच आमच्यासमोर वीस मिनिटांत दुरुस्त केलं. तिसऱ्या ठिकाणी बिघडला आणि प्रॉडक्ट टीमला कळवतो म्हणाले. मोठ्या प्लॅटफॉर्मला एक्स्पोर्ट दाखवा म्हटलं तर त्यांच्या माणसाने प्रामाणिकपणे सांगितलं की पॅकेज निघतं पण ते आमच्याच सॉफ्टवेअरमध्ये परत घालण्यासाठी, बाहेर न्यायचं तर त्यासाठी वेगळं काम करावं लागेल. तो माणूस मला आवडला.

साहेबांना काकांनी लिहिलेली विकत घेण्याची साखळी वाचून दाखवली. ते बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, आपण कास्टिंगचा सप्लायर निवडताना त्याचा पॅटर्न आपल्या मालकीचा ठेवतो ना, तसंच करा. त्यामुळे ओपन सोर्सकडे जातोय असं दिसतंय, पाच वर्षांची देखभाल करारात धरून. रकाने कागदावर मांडायला घेतलेत, शेतीच्या पंपांचे झाले, सतरा रकाने निघाले, इंडस्ट्रियलचे चालू आहेत. डीलरची यादी वेगळी काढली आणि ती बदलायचा अधिकार थेट सर्व्हिसला देणार आहे.

एक नवीन अडचण निघाली. मराठीची जुनी तीनेकशे पानं आणि सगळी मॅन्युअल युनिकोडमध्ये नाहीतच, जुन्या फॉन्टमध्ये आहेत, कॉपी केलं की नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं येतात. फॉन्ट बहुतेक श्रीलिपीचा, काही पानं डीव्हीबीमधली असावीत. नेटवरच्या एका कन्व्हर्टरमध्ये टाकून पाहिलं तर बरंचसं आलं पण मॅन्युअलच्या कव्हरवरचा "मार्गदर्शिका" हाच शब्द दर वेळी मोडतोय. हे तीनशे पानं परत टाइप करणं आलं का?

मजकूर_डेस्क

नाही, टाइप नका करू. श्रीलिपी आपल्या पुण्यातलीच, मॉड्युलर इन्फोटेकची, आणि त्यांच्या प्रत्येक फॉन्टमालिकेची अक्षरांची मांडणी वेगळी असते. तेव्हा आधी नेमका फॉन्ट ओळखायचा आणि त्याच फॉन्टचा तक्ता वापरायचा, नाहीतर अर्धं बरोबर अर्धं चूक असं येतं. "मार्गदर्शिका" मोडतो कारण जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप व्हायची आणि रफार अक्षराच्या नंतर, जसं डोळ्याला दिसतं तसं. युनिकोडमध्ये दोन्ही उलट, र आधी आणि वेलांटी शेवटी. र्शि मध्ये दोन्ही एकत्र आले की साधे कन्व्हर्टर गोंधळतात. तेवढ्यासाठी वेगळा नियम लिहावा लागतो, आमच्याकडे लिहिलेला आहे.

दोन्ही फॉन्टची पाचपाच पानं आणि एका मॅन्युअलची मूळ पेजमेकर फाइल मिळाली तर ती पाठवा, पीडीएफ नको. शनिवारी बसते त्यावर.